तीन हयातींची जमीन

६ ऑक्टोबर १७५४

आणि ते खालचं कुरण तर झेबचं नव्हतंच मुळी! ओढ्याकाठची झुडपं तोडली मी, पाणी जायला चर खणला मी, आणि हा थोरला भाऊ तेव्हा दारात बसून बुटांना चरबी चोळत होता. बाबा मृत्युपत्र न करता गेले. पंच आले, काठ्या टेकत जमिनीला फेरी मारली आणि म्हणाले, एवढ्याशा जमिनीचे तुकडे केले तर कुणाचंच भागायचं नाही, सगळी थोरल्याने घ्यावी आणि धाकट्याला त्याचा वाटा पैशात द्यावा. माझ्या वाट्याला आला एक लंगडा बैल आणि 'देईन की, पळून चाललोय का मी' हे वचन. बैल मेला. वचन अजून लंगडतंय. आईला कायद्याने तिसरा हिस्सा, म्हणजे चुलीमागची खोली, एक गाय आणि विहिरीपर्यंत जायची वाट. स्वतःच्या अंगणात तिने कुठून चालायचं हे पंच ठरवणार!

आता झेबने कुरण विकायला काढलंय. अठरा पौंड. गवत फुटायच्या आत मी आणून दिले तर मला, नाहीतर शेजारच्या फेल्प्सला. फेल्प्स तिथे कातडी कमावायची कुंडं घालणार. आईच्या खिडकीखाली. सडकं कातडं, चुना आणि कुत्र्याची विष्ठा, मरेपर्यंत तिने हेच हुंगायचं.

जाऊ दे. वही आईने दिली ती भांडायला नाही. नवीन जागी गेलास की लिहीत जा, म्हणजे अक्षर विसरणार नाहीस, म्हणाली. दोरखंडाच्या कारखान्यात टिकलो नाही, कोळसेवाल्याकडे टिकलो नाही, तेव्हा वही कोरीच राहिली होती.

आज मात्र मन खूश आहे. पेलेग फेरीवाल्याच्या गाडीवर, कथलाच्या भांड्यांच्या खडखडाटात डोंगर ओलांडून हडसन नदीच्या बाजूला उतरलो, आणि काय ती जमीन! काळी, लोण्यासारखी. आमच्याकडे नांगर दगडावर आपटतो, इथे नांगर बुडतो. पेलेग म्हणाला, तोंड मीट रे ओबेड, माश्या जातील, ही जमीन तुझ्या बापाची नाही आणि यांच्याही बापाची नाही.

काम मिळालं, हारमेन हॉर्नबेककडे. मोठं पोट, मोठं हसू. बायको लीस्बेट वाळक्या शेंगेसारखी, बोलत नाही. हारमेनने माझं वय विचारलं, दात बघितले, मागे शोधत येणारं कोणी आहे का विचारलं. मी म्हटलं, घोडा घेताय का? तो म्हणाला, घोडा मरतो रे. आणि पोट धरून हसला. जेवण, बूट आणि महिन्याला दोन पौंड. वसंतापर्यंत अठरा होत नाहीत, पण निदान सुरुवात तरी. ताजा पाव, चरबीत तळलेली सफरचंदं. बिछान्यात पिसू नाहीत. आई, मी बरा आहे.

९ ऑक्टोबर

इथली रीत कळली आणि हसू आलं. हारमेन माझ्याकडून स्वतःला 'मालक' म्हणवून घेतो, पण जमीन आहे जहागीरदाराची. हे सगळे त्याची कुळं. पट्टा वर्षांचा नसतो, हयातींचा असतो. लिहितानाच तीन माणसांची नावं घालतात. तिघांतलं एक जरी जिवंत असेल, तोवर जमीन कुळाची. तिन्ही मेली की घर, कोठार, झाडं, पेरलेला गहू सगळं जहागीरदाराच्या घशात, आणि घरचे रस्त्यावर. म्हणून लोक नावं निवडतात ती शर्यतीतल्या घोड्यावर पैज लावल्यासारखी.

हॉर्नबेकांची तीन नावं अशी: हारमेनचा बाप बास्तियान, त्याची बायको, आणि हारमेनचा तेव्हा पाळण्यात असलेला मुलगा योस्त. हारमेनने स्वतःचं नाव घातलं नाही, कारण पाळण्यातला बापापेक्षा जास्त जगणार. म्हातारी केव्हाच गेली. योस्त देवमासे मारायला जहाजावर गेलाय, असं हारमेनने सांगितलं. तो तसं म्हणाला तेव्हा लीस्बेट ताकाचं भांडं घेऊन उठून गेली. राहिला म्हातारा बास्तियान. तो मागच्या खोलीत असतो. अजून पाहिला नाही.

दर वर्षी फेब्रुवारीच्या दोन तारखेला खंड भरायचा. गहू, चार लठ्ठ कोंबड्या, एक दिवस गाडीबैल घेऊन वेठ. आणि त्याच दिवशी जहागीरदाराच्या कारभाऱ्यापुढे हयात दाखवायची. पट्ट्यात नाव असलेल्या माणसाने या शेतातलं ढेकूळ एका मुठीत, या शेतातल्या झाडाची डहाळी दुसऱ्या मुठीत धरून आपलं नाव घ्यायचं आणि 'हयात आहे' म्हणायचं. आमच्याकडे बाबांच्या लहानपणी जमीन विकताना असं माती-डहाळी देत, आता कागद पुरतो. मी म्हटलं, माती हातात धरून कोणी काहीही बोलेल. हारमेन म्हणाला, बोलून बघ एकदा. आणि हसला.

असल्या जमिनीवर घाम गाळणारे हे लोक! भाड्याच्या घोड्याला खरारा करायचा आणि आपलंच खानदान म्हणून मिरवायचं. किळस येते. झेब चोर आहे, पण निदान स्वतःच्या जमिनीवरचा चोर आहे.

१७ ऑक्टोबर

म्हाताऱ्याचं काम माझ्याकडे आलं. हारमेन म्हणाला, माझी पाठ धरते, लीस्बेटला उचलत नाही, तू तरणाबांड आहेस.

खोलीत खिडकी आहे, पण तिच्यावर मेणकापड ठोकलंय. वास आजारी माणसाचा नाही. तळघरात सलगम सडले की येतो तसा, ओला, गोडसर. बास्तियान पलंगावर नाही, एका लांब लाकडी पेटीत आहे, आणि पेटीत गादीऐवजी माती. लीस्बेट दारातूनच म्हणाली, पाठीला जखमा होतात, माती थंड असते. दर सकाळी अंगाखालची माती काढायची, शेतात नेऊन पसरायची, आणि शेतातली ताजी आणून भरायची.

त्याची कातडी तळघरातल्या बटाट्यासारखी, सुरकुतलेली आणि मऊ. डोळे उघडे, पापणी लवत नाही. दाढीत काहीतरी चाललं होतं. मी वेचून फेकलं. वजन मात्र विलक्षण, भिजल्या पोत्यासारखं. काखेत हात घालून उचलला तर बोटं आत रुतली आणि खळगे तसेच राहिले.

मक्याची लापशी भरवतात. चमचा लावला की तोंड उघडतं. चावतो, चावतो, गिळत नाही. मग कडेने बाहेर येते, आत गेली त्याहून काळी.

परसात जाऊन ओकलो. हारमेन बघत होता. म्हणाला, होईल सवय, पूर्वेकडच्या माणसांची पोटं नाजूक. मी म्हटलं, नाजूक नाही, स्वच्छ आहेत. तो म्हणाला, हो का? आणि झेबकडे वाटा मागायला गेलास तेव्हा स्वच्छच होतास ना? मीच त्याला सगळं सांगून बसलो होतो, सफरचंदाच्या दारूवर. माझी जीभ मेली.

८ नोव्हेंबर

डुकरं मारली. दिवसभर आतडी उलटी करून धुतली, रक्त ढवळलं, पायांचे केस खरवडले. त्या रक्तामांसाचा वास मला चक्क बरा वाटला. त्यात निदान काहीतरी नुकतं मेलेलं होतं.

चरबी कढवताना लीस्बेट पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलली. मी सहज म्हटलं, योस्त असता तर मला एवढं राबावं लागलं नसतं. ती ढवळत राहिली. मग म्हणाली की योस्त कुठल्याही जहाजावर नाही. घशाच्या साथीत गेला, चार वर्षांचा होता. तळघरात चीज दाबायचं यंत्र आहे, त्याच्याखाली आहे. वर दगड नाही, कारण दगडाला तोंड असतं, कारभारी वाचतो. साथीत आजूबाजूच्या घरांतल्या बाया मोठ्याने रडत होत्या आणि ही तोंडात फडकं कोंबून चीज दाबत होती, कारण भिंतीपलीकडे जहागिरीचा माणूस गहू मोजत होता.

आणि ते चीज आम्ही खातो, मी म्हटलं. ती म्हणाली, मी नाही खात. तुला कधी दिसले मी खाताना?

खरंच, नाही दिसली.

३० नोव्हेंबर

इथला गहू असा का येतो ते आज कळलं. कोवळं पीक बर्फाखाली जायच्या आधीच गुडघ्याला लागलंय, पण सगळीकडे नाही. जिथे म्हाताऱ्याखालची माती पसरतात तिथेच. तिथलं हिरवं काळपट आहे, आणि उपटून बघितलं तर मुळांना पांढरी तार, केसासारखी, लांबच लांब. दाढीच्या केसासारखी.

त्या गव्हाचा पाव मी ऑक्टोबरपासून खातोय. आज ताटात आला. खाल्ला. भूक लागली होती. लिहितानाच स्वतःची घाण वाटते, पण लिहितो. पाव चांगला होता.

हारमेन दोन तुकडे लोणी लावून खातो आणि बोटं चाटतो. बापाची पुण्याई रे, म्हणतो.

२१ डिसेंबर

म्हातारा बोलला.

दुपारी, चमचा ओठाशी होता. माझं मनगट धरलं. हातात जोर नाही, थंड चिखलात हात घातल्यासारखं. आणि म्हणाला, पुरे.

मला वाटलं, लापशी पुरे. चमचा बाजूला केला. तरी पुरे. पुरे. पुरे. तोंडातून मातीचे कण उडत होते. मग त्याच्या कानातून एक गोम निघाली, बिनघोर, आपल्या घरातून निघावी तशी, गालावरून खाली उतरून मातीत गेली, आणि त्याने मान हलवली नाही. मी नाडी बघितली. मग छातीला कान लावला. काहीच नाही. म्हणजे अगदीच नाही असंही नाही. जमिनीला कान लावला की खाली उंदीर बीळ करताना ऐकू येतो, तसं काहीतरी.

धावत जाऊन हारमेनला सांगितलं, तुझा बाप मेलाय. तो बूट काढत होता. म्हणाला, मेलाय तर मेलाय, हयात आहे ना?

हे वाक्य मी आईला सांगितलं तर ती मला वेडा म्हणेल. पण तो चेष्टा करत नव्हता. नीट समजावून दिलं, जसं वासराला दावं कसं लावायचं ते सांगावं. तीन वर्षं होत आली, खंडाच्याच दिवशी, म्हाताऱ्याने ढेकूळ आणि डहाळी धरली आणि 'हयात आहे' म्हणता म्हणता मान टाकली. श्वास गेला. पण शब्द आधी निघाला होता. जमिनीने शब्द धरला. आता जोवर पट्ट्यात दुसरं कुणी हयात नाही, तोवर ती त्याला सोडत नाही. म्हणाला, जमिनीला कुणीतरी लागतं रे ओबेड. तुझी तशी, माझी तशी, तिचीही गरज.

निघून जायला हवं होतं. पण बाहेर कंबरभर बर्फ, आणि पगार हारमेन बर्फ वितळल्यावर देणार. आणि खरं सांगायचं तर अजून सगळं खरं वाटत नाही. लोकांना घाणीत राहायची सवय झाली की घाणीची गोष्ट रचतात. असंच असेल.

१४ जानेवारी

कारभाऱ्याचा निरोप आला. मागची दोन वर्षं तो खोलीच्या दारात उभा राहून, नाकाला व्हिनेगारचा रुमाल लावून, लांबूनच आरसा म्हाताऱ्याच्या तोंडाशी धरवायचा. आरसा धुरकट व्हायचा. कशाने ते मला विचारू नका. पण यंदा जहागीरदाराला शंका आहे. बास्तियान हॉर्नबेकने स्वतःच्या पायांवर अंगणात उभं राहून माती-डहाळी धरावी, नाहीतर योस्त हॉर्नबेकने. दोघांतलं कुणी नाही, तर पट्टा संपला.

हारमेन हसला नाही. पहिल्यांदाच. रात्रीच्या जेवणाला माझ्या ताटात मांस जास्त होतं.

२० जानेवारी

अठरा पौंड!

हारमेनने आकडा विचारला नाही, त्याला आठवत होता. म्हणाला, योस्त आज तेवीस वर्षांचा असता, तू बावीसचा. कारभाऱ्याने त्याला कधी पाहिलेलं नाही. एकदा अंगणात उभं राहायचं, मातीचं ढेकूळ धरायचं, मी योस्त हॉर्नबेक, हयात आहे, एवढंच म्हणायचं. त्याच दुपारी अठरा पौंड हातात, शिवाय पगार.

मी मागेपुढे बघत होतो. खोटी शपथ आहे. पण बायबलवर हात नाही, मातीवर हात. झेब बायबलवर हात ठेवून पंचांपुढे खोटं बोलला, त्याला काय झालं? दोन गायी जास्त झाल्या.

संध्याकाळी गोठ्यात लीस्बेट आली. पगाराचे पैसे घे आणि खंडाच्या दिवसाआधी चालता हो, म्हणाली. पैसे तिने स्वतःच्या पेटीतून आणले होते. चांदीचे तुकडे, दोन बटणं, एक चमचा. हारमेनला सांगू नकोस. तो तुला उभं राहा म्हणतोय, उभा राहू नकोस. मी विचारलं, का? ती म्हणाली, मी त्या म्हाताऱ्याची सून आहे, तीन वर्षं त्याला पुसते, म्हणून सांगते.

मी ओळखलं. माझे अठरा पौंड वाचवायचे आहेत हिला! चमचा आणि बटणं देऊन बोळवण! मी म्हटलं, बाई, माझ्या वाट्याचं बुडवणारे मी घरीच पुष्कळ बघितलेत. ती म्हणाली, तुला वाटा पाहिजे ना? मिळेल. आणि चमचा पुसून परत फडक्यात बांधला.

२ फेब्रुवारी

झालं. अठरा पौंड मिळाले, पगाराचे मात्र चारच शिलिंग, बाकी बर्फ वितळल्यावर म्हणे. मोज्यात बांधून कमरेला लावलेत, चालताना लागतात, बरं वाटतं.

ऊन होतं. कारभारी घोड्यावरून उतरलाच नाही. चारही कोंबड्या हाताळून बघितल्या, एक हलकी आहे म्हणाला. हारमेन म्हणाला, साहेब, मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही, ती जिवंत आहे म्हणून घाबरून वाळली. कारभारी हसला. मग माझ्याकडे वळला. हारमेनने बर्फ बाजूला करून कुदळीने ढेकूळ काढलं. गोठलेली माती असून ते मऊ होतं. कोमट. उजव्या मुठीत ते, डाव्यात सफरचंदाची डहाळी. मी योस्त हॉर्नबेक, मी हयात आहे.

तोंडात मातीची चव आली. बाकी काही नाही.

कारभारी गेला. आणि आतून लीस्बेट ओरडली. किंचाळी नव्हती. सुटले, असं काहीतरी. आत गेलो तर पेटीत माणूस नव्हताच. दाढी होती, सदऱ्याची हाडाची बटणं होती, दात होते, आणि बाकी सगळी माती, ओली, वळवळणारी, किड्यांनी उकळत असलेली. भांड्यातली लापशी कलंडावी तसा तो एका क्षणात बसला होता. लीस्बेट भिंतीला टेकून हसत होती, डोळ्यांतून पाणी.

हारमेनने टोपी काढली. मग मला फावडं दिलं. रोजच्यासारखंच पसर म्हणाला.

पसरलं. उद्या निघतो.

३ फेब्रुवारी

निघालो नाही. निघता आलं नाही.

ओढा ही हद्द. गोठलेला आहे, पाच-सात पावलांत पलीकडे. मधे गेलो आणि पाय गेले. मुरगळले नाहीत, गेले, जसे माझे नव्हतेच. तोंडावर आपटलो. आणि ओकलो. काय ते लिहवत नाही. लिहितो. माती. घशातून, नाकातून, गुठळ्या गुठळ्या, आणि त्यात गहू मोडाला आलेला.

रांगत परत अलीकडे आलो. लगेच बरा. उठून उभा.

५ फेब्रुवारी

डोंगराच्या बाजूनेही तेच. रस्त्यानेही तेच.

आज हारमेनने स्वतः बैलगाडी जोडली. म्हणाला, बस, तुझी एकदा खात्री होऊ दे, नाहीतर जन्मभर मला दोष देशील. मला चादरीत गुंडाळलं, आजाऱ्याला नेतात तसं, हद्दीपार नेलं. दगडी कुंपणापलीकडे गाडीचं पुढचं चाक गेलं आणि माझ्या छातीत— बैल उधळले. वासाने. त्याने शांतपणे गाडी वळवली. चिखल पुसायला मला रुमाल दिला. बिचारा म्हणाला मला. बिचारा पोर.

त्याला मारावंसं वाटलं. हात उठला नाही. त्याच्या शेतावर माझा हात त्याच्यावर उठत नाही.

११ फेब्रुवारी

लाकडं फोडताना कुऱ्हाड पायावर बसली. बूट कापला, पाय कापला. दुखलं नाही.

रक्त नाही. काळं, भुसभुशीत, ओलसर. बोटाने दाबलं तर सांडलं. आणि त्यातून एक लाकडातला किडा, राखाडी, खूप पायांचा, बाहेर आला, उजेडाला घाबरला, परत आत गेला.

मी ते फडक्याने बांधलं. आत त्याला. बांधून टाकलं.

जेवण बेचव. मांस, चीज, काही चालत नाही. पावाला अंगणातली माती लावली तर जातो. आज न लावता नुसती माती— हो, खाल्ली. मूठभर. गोड लागली. स्वतःच्या तोंडाची शिसारी येते, आणि पाणी सुटतं.

हारमेन योस्त म्हणून हाक मारतो. मी ओ देतो.

१९ फेब्रुवारी

मेणकापडाची खोली माझी. पेटीत झोप चांगली लागते. हीच घाण. की चांगली लागते.

लीस्बेट सकाळी माती बदलते. बोलत नाही. आज तिला म्हटलं, तू सांगितलं होतंस. ती म्हणाली, सांगितलं तर होतं. मग दाढीतलं काहीतरी वेचलं. मला दाढी नव्हती.

तिला विचारलं, किती वर्षं? ती म्हणाली, योस्त पाळण्यातला होता म्हणून त्याचं नाव घातलं. जास्त टिकावा म्हणून.

२६ फेब्रुवारी

नाव लिहायला बसलो. यो— लिहून गेलो. खोडलं. ओबेड. ओबेड. ओबेड. आईचा ओबेड. कुरण खणणारा. चर काढणारा.

उजवी मूठ उघडत नाही. ढेकूळ फेकलं होतं की नव्हतं? आत काहीतरी आहे. मुळं फुटलीत. डाव्या हाताने लिहितो.

हारमेन पावाला लोणी लावत होता. यंदा पीक— म्हणाला. यंदा पीक बघा.

६ मार्च

गवत फुटायला आलं. मला आतून कळतं, कुठे कुठे फुटतंय.

पेलेग आला. ओढ्याच्या पलीकडे गाडी उभी केली, अलीकडे आला नाही. नाक धरलं, मग लाज वाटून हात खाली घेतला. ओबेडच ना रे तू? म्हणाला. म्हटलं, हो म्हण. पैशांचा मोजा आणि ही वही लीस्बेट पलीकडे नेऊन देईल, तो डोंगरापलीकडे.

आई, भिऊ नको. वाचून जाळ. काम तेवढं कर. पंचांना गाठ. झेबला पैसे दे, मोजून दे, साक्षीदारांपुढे. कुरण तुझ्या नावावर घे, पण नुसतं तुझ्या नाही. तुझ्यामागे ते थोरल्याकडे जाईल, मग फेल्प्स, मग कुंडं. कागदात असं घाल— ओबेडच्या हयातीपर्यंत. मी जिवंत आहे तोवर झेबने, झेबच्या पोरांनी, त्यांच्या पोरांनी त्या कुरणात पाऊल टाकायचं नाही. तो हसून सही करेल. त्याला वाटेल, भटक्या आहे, कुठेतरी लवकर मरेल.

झेब, शंका आली तर ये. दर वर्षी फेब्रुवारीत, दुपारी. रुमाल आण. मी दाखवतो. हयात आहे. खणून बघ. हयात—

चर साफ ठेवा. ओढ्याकाठी झुडपं वाढू देऊ नका. माझं तेवढंच— पाय ठेवला नाही तरी माझं—

लीस्बेट थांबलीय. पाठवतो आहे, आई, सगळे: पौंड अठरा, शिलिंग चार, पेन्स —